बुडीचा जमाखर्च

दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, रॉस समुद्राला लागून, मॅकमर्डो साउंड नावाचा एक समुद्रभाग आहे. वर्षाचे बहुतेक महिने त्याच्यावर पुरुषभर जाडीचा बर्फ थिजलेला असतो. या बर्फाच्या छपराखाली वेडेल सील नावाचा प्राणी राहतो. चारशे किलो वजनाचा, गुबगुबीत, बर्फावर पडला असता अगदी आळशी दिसणारा हा प्राणी बर्फातील एखाद्या भोकातून नाक वर काढतो, काही मिनिटे श्वासोच्छ्वास करतो आणि मग जो खाली जातो तो पंधरा-वीस मिनिटे पुन्हा दिसत नाही. क्वचित तासही उलटून जातो. तेवढ्या वेळात तो पाचसहाशे मीटर खोल उतरतो, काळोखात मासे धरतो, खातो आणि गेल्या वाटेने नेमका त्याच भोकाशी परत येतो. भोक चुकले तर वर बर्फाची अखंड शिळा आहे. श्वास घेण्यास दुसरी जागा नाही.

या प्राण्याला कल्ले नाहीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्याला घेता येत नाही. त्याचे रक्त उष्ण आहे, तो पिलांना दूध पाजतो आणि आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो. कोकणच्या किनाऱ्यावरून दिसणारा डॉल्फिन घ्या, महासागरातील प्रचंड देवमासा घ्या, या सर्वांची हीच स्थिती आहे. समुद्रात राहूनही ही सर्व मंडळी हवेची बांधलेली आहेत. न शिकलेला धडधाकट माणूस फार तर मिनिट-दीड मिनिट श्वास कोंडू शकतो, आणि तोही स्वस्थ बसून. सील मात्र पोहत, शिकार करीत वीस मिनिटे काढतो. हे त्याला कसे साधते, या एकाच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. उत्तराचा मोठा भाग त्याच्या स्नायूंत दडलेला आहे, असे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो.

तीन कोठारे

पहिली समजूत अशी होते की, या प्राण्यांची फुप्फुसे फार मोठी असावीत आणि जाताना ते भरपूर हवा भरून नेत असावेत. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. वेडेल सील बुडी मारण्यापूर्वी छातीतील बरीचशी हवा बाहेर सोडून देतो. याला कारण आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. शंभर मीटरांवर तो पृष्ठभागाच्या अकरापट होतो. अशा दाबाखाली छातीत हवा असेल तर तिच्यातील नायट्रोजन रक्तात दाबला जातो, आणि वर येताना त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेततात. पाणबुड्यांना होणारा विकार तो हाच. सीलची छाती लवचीक असते. खोल जाताच फुप्फुसांतील वायुकोश मिटतात, उरलीसुरली हवा श्वासनलिकेच्या टणक भागात ढकलली जाते आणि तेथून ती रक्तात शिरू शकत नाही. म्हणजे खोल पाण्यात फुप्फुस हे कोठार बंदच झालेले असते.

मग प्राणवायू ठेवावयाचा कोठे? देहात त्याची तीन कोठारे आहेत: फुप्फुसांतील हवा, रक्त आणि स्नायू. माणसाच्या बाबतीत हिशेब साधारण असा पडतो. दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाजवळ सगळा मिळून जेमतेम दीड लिटर. यातील बराच फुप्फुसांत, निम्म्याहून थोडा अधिक रक्तात आणि स्नायूंत सातव्या हिश्शाच्या आसपास. स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटास पाव लिटर प्राणवायू लागतो. भागाकार ज्याचा त्याने करावा.

वेडेल सीलजवळ दर किलोमागे ८५ मिलिलिटरांहून थोडा अधिक प्राणवायू असतो, म्हणजे माणसाच्या चौपट. विभागणी मात्र अगदी निराळी. फुप्फुसांत शेकडा पाच, रक्तात सुमारे दोन तृतीयांश आणि उरलेला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी, स्नायूंत. रक्ताचे कोठार मोठे आहे याची कारणे दोन. एक तर रक्तच अधिक. वजनाच्या प्रमाणात माणसाच्या जवळजवळ तिप्पट. दुसरे असे की, त्यात हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहणारे तांबडे द्रव्य, अधिक दाट असते. शिवाय प्लीहेत, म्हणजे पांथरीत, तांबड्या पेशींचा मोठा साठा राखलेला असतो. बुडी सुरू झाली की प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात येतो. काम संपले की पेशी पुन्हा प्लीहेत जातात. सदासर्वकाळ दाट रक्त ढकलीत राहण्याचा त्रास हृदयाला नको, म्हणून ही सोय.

स्नायूंतील तांबडे द्रव्य

आता तिसऱ्या कोठाराकडे वळू. कोंबडीच्या तंगडीचे मांस काळपट-तांबूस असते आणि छातीचे पांढरे असते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तंगडीचे स्नायू दिवसभर राबतात. छातीचे स्नायू पंख क्षणभर फडफडविण्यापुरते कामास येतात. राबणाऱ्या स्नायूंत मायोग्लोबिन नावाचे द्रव्य असते आणि त्याचाच तो रंग. मायोग्लोबिन हे हिमोग्लोबिनचे धाकटे भावंड म्हणावे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि तो प्राणवायूचे चार रेणू उचलतो. मायोग्लोबिनमध्ये लोहाचा एकच अणू आणि तो प्राणवायूचा एकच रेणू धरतो. हिमोग्लोबिन गावोगाव हिंडणारा वाहतूकदार आहे. मायोग्लोबिन स्नायूच्या पेशीत घर करून राहते आणि आलेला माल सांभाळते.

माणसाच्या शंभर ग्रॅम स्नायूंत मायोग्लोबिन सुमारे अर्धा ग्रॅम असते. वेडेल सीलच्या तेवढ्याच स्नायूंत ते पाच ग्रॅमांहून अधिक असते, म्हणजे दसपट. उत्तर अटलांटिकमधील हुडेड सीलमध्ये ते नऊ ग्रॅमांच्या आसपास जाते. अशा प्राण्याचे मांस तांबडे न दिसता जवळजवळ काळे दिसते. एक ग्रॅम मायोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरते. चारशे किलोच्या सीलमध्ये १४० किलो स्नायू धरले, तर त्यांत साडेसात किलो मायोग्लोबिन झाले, आणि त्याने धरलेला प्राणवायू दहा लिटर. माणसाच्या सर्व स्नायूंतील प्राणवायू एकत्र केला तर एक पेला भरेल. सीलच्या स्नायूंतील प्राणवायूने घागर भरेल.

देवमाशांच्या स्नायूंतील या विपुलतेचा शास्त्राला एक अनपेक्षित लाभ झाला. केंब्रिज येथे जॉन केंड्र्यू हे प्रथिनाच्या रेणूची रचना क्ष-किरणांनी उलगडण्याच्या खटपटीत होते. घोड्याच्या हृदयातील मायोग्लोबिनचे स्फटिक हवे तसे मोठे मिळेनात. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या मांसापासून मात्र ते सुरेख मिळाले. १९५८ साली केंड्र्यू व त्यांचे सहकारी यांनी या मायोग्लोबिनची पहिली ढोबळ आकृती प्रसिद्ध केली. कोणत्याही प्रथिनाच्या रेणूचे त्रिमिती रूप माणसाने तेव्हा प्रथमच पाहिले. १९६२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक केंड्र्यू आणि हिमोग्लोबिनवर काम करणारे मॅक्स पेरुट्झ यांस मिळून देण्यात आले.

पण येथे एक अडचण उभी राहते. प्रथिने एका मर्यादेपलीकडे दाटीने कोंबली की परस्परांस चिकटतात आणि त्यांच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. मग सीलच्या पेशीत दसपट मायोग्लोबिन मोकळे कसे राहते? २०१३ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातील मायकेल बेरेनब्रिंक व त्यांचे सहकारी यांनी याचे उत्तर पुढे मांडले. बुड्या मारणाऱ्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युत्भार जास्त असतो. समान भार एकमेकांस दूर सारतात, हे शाळेतील पहिले पाठ. त्यामुळे रेणू कितीही दाटीत असले तरी अंगाला अंग लागू देत नाहीत. देवमासे, सील, बीव्हर, पाणउंदीर असे परस्परांशी दूरचे नाते असलेले प्राणी स्वतंत्रपणे याच एका युक्तीस येऊन पोहोचले आहेत.

कोठार भरले, पण किल्ली कोणाजवळ?

येथवर सर्व सरळ वाटते: साठा मोठा, म्हणून बुडी मोठी. १८७० साली पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदक आणि कोंबडी यांची तुलना करून, बदकात रक्त अधिक असते म्हणून ते पाण्याखाली अधिक टिकते, असे अनुमान काढले होते. साठ्यावरून बुडीचा अंदाज बांधण्याची ही रीत. परंतु नुसत्या साठ्याने सारा उलगडा होत नाही, आणि स्नायूंच्या कोठाराबाबत तर एक विलक्षण पेच आहे.

तो असा. मायोग्लोबिनला प्राणवायूचा लोभ हिमोग्लोबिनपेक्षा फार अधिक. भोवतालच्या प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे २७ मिलिमीटरांपर्यंत उतरला की माणसाचे हिमोग्लोबिन निम्मा माल सोडून देते. मायोग्लोबिनने निम्मा माल सोडावयाचा तर तो दाब दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत खाली यावा लागतो. याचा अर्थ काय झाला? ज्या स्नायूत ताजे रक्त खेळते आहे, तेथे दाब इतका उतरतच नाही. स्नायू रक्तातून येणारा प्राणवायू खर्चीत राहतो आणि मायोग्लोबिन आपले गाठोडे घट्ट धरून बसते. रक्तातील साठा मात्र भराभर आटतो. मेंदू आणि हृदय यांची सर्व भिस्त त्या रक्तावर. तेव्हा स्नायूंना उदार हाताने रक्त पुरविणारा सील दहा लिटरांची घागर भरलेली ठेवून मेंदूच्या उपासमारीने बुडून मरेल.

म्हणून स्नायूंचे कोठार उघडण्याचा उपाय एकच, तो म्हणजे स्नायूंचे रक्त तोडणे.

हा प्रकार प्रथम नीटपणे दाखविला तो पेर शोलांडर या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने आणि त्याचा अमेरिकन सहकारी लॉरेन्स अर्व्हिंग याने. शोलांडरचा मोठा प्रबंध १९४० साली ओस्लो येथे प्रसिद्ध झाला. सीलला फळीवर बांधून त्याचे डोके पाण्यात बुडवावयाचे आणि वेळोवेळी रक्ताचे व स्नायूंचे नमुने घ्यावयाचे, अशी त्याची पद्धती. प्राण्याच्या दृष्टीने ती सुखाची नव्हती. पण तिच्यातून जे हाती आले ते मोलाचे होते. पाण्याखाली जाताच सीलच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. हातपाय, त्वचा, आतडी, मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या रोहिण्या आवळल्या जातात. उरलेले रक्त मुख्यतः हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांच्या दरम्यान फिरत राहते. १९४२ साली या दोघांनी आणखी एका सहकाऱ्याच्या साह्याने स्नायूंचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पाच-दहा मिनिटांत स्नायूंतील मायोग्लोबिन रिकामे झालेले होते. पण त्याच वेळी रोहिण्यांतील रक्तात प्राणवायू शिल्लक होता. स्नायू आणि रक्त ही दोन खाती या प्राण्याने साफ वेगळी केली होती.

मायोग्लोबिन संपल्यावरही स्नायूचे काम चालू राहते. स्नायू तेव्हा प्राणवायूवाचून साखर मोडतो. त्यातून मिळणारी शक्ती थोडी आणि मागे उरते ते लॅक्टिक आम्ल. भरधाव धावल्यावर आपल्या स्नायूंतही तेच साठते. रक्ताचा पुरवठा तोडलेला असल्यामुळे हे आम्ल पाण्याखाली असेतो स्नायूतच कोंडून राहते. सील वर आला, श्वास घेतला आणि रोहिण्या मोकळ्या झाल्या की ते लोंढ्याने रक्तात येते. शोलांडरच्या टिपणांत हा लोंढा स्पष्ट दिसतो. कर्ज काढले पाण्याखाली. हप्ते सुरू झाले वर आल्यावर.

बांधलेला सील आणि मोकळा सील

येथे पुष्कळ दिवस असे मानले गेले की, प्रत्येक बुडीत हेच घडत असावे. परंतु जबरीने बुडविलेला प्राणी आणि आपखुशीने भक्ष्याच्या शोधात निघालेला प्राणी यांत अंतर आहे. पहिल्यास आपली सुटका केव्हा होणार हे ठाऊक नसते, म्हणून तो सर्व दारे बंद करून बसतो. दुसऱ्याच्या मनात आपल्या सफरीचा काही अंदाज असतो.

हे अंतर मोजून दाखविण्याचे श्रेय जेराल्ड कूमन यांस जाते. १९६० नंतरच्या दशकात ते मॅकमर्डो येथे गेले. त्यांची युक्ती साधी होती. इतर भेगांपासून खूप दूर बर्फात एक भोक पाडावयाचे आणि सीलला तेथे नेऊन सोडावयाचे. श्वासाला दुसरी जागाच नसल्याने सील कोठेही गेला तरी परत येतो तो त्याच भोकाशी. त्याच्या पाठीवर खोली आणि वेळ यांची नोंद करणारे यंत्र बसविले होते; पहिल्या यंत्रात तर वेळ मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील घड्याळ वापरले होते. पुढे कूमन व त्यांचे सहकारी यांनी बुडीपूर्वी आणि बुडीनंतर रक्ताचे नमुने घेतले आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुडी सुमारे वीस मिनिटांच्या आत असेल तर वर आल्यावर रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढलेले आढळत नाही. ती मर्यादा ओलांडली की आम्ल वाढू लागते, आणि बुडी जितकी लांबेल तितके ते झपाट्याने वाढते. पाऊण तासाच्या बुडीनंतर देह पूर्वपदावर येण्यास तासाहून अधिक वेळ लागतो.

आणि मोकळा सील काय करतो? त्याच्या बहुसंख्य बुड्या या मर्यादेच्या आतल्या असतात. यातील व्यवहार उघड आहे. वीस मिनिटांच्या आतील बुडीनंतर तो थोडी मिनिटे श्वास घेऊन पुन्हा खाली जाऊ शकतो. अशा चार बुड्यांत त्याला तासाहून अधिक काळ शिकारीस मिळतो. एकच लांब बुडी मारली तर तितकाच काळ कर्ज फेडण्यात जातो. लांब बुडी हे संकटकाळचे साधन आहे; संसार छोट्या बुड्यांवर चालतो. चोचीच्या देवमाशांतील क्युव्हिअर जातीच्या एका देवमाशाने ३ तास ४२ मिनिटांची बुडी मारल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली. तो आकडा पाहून मन थक्क होते. पण तोही त्या जातीचा नित्यक्रम नव्हे.

मग या छोट्या, बिनकर्जाच्या बुड्यांत स्नायूंतील प्राणवायूचे काय होते? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोकळ्या वेडेल सीलच्या पाठीच्या स्नायूशी एक प्रकाशयंत्र बसविण्यात आले. प्राणवायू धरलेले मायोग्लोबिन आणि रिकामे मायोग्लोबिन प्रकाश वेगवेगळ्या रीतीने शोषून घेतात. त्यावरून कोठार किती भरलेले आहे ते कळते. असे दिसून आले की, मोकळ्या बुडीत मायोग्लोबिन बुडीच्या प्रारंभापासून हळूहळू रिते होऊ लागते. पण बांधलेल्या सीलमध्ये दिसले तसे पार तळ गाठीत नाही. लांब बुड्यांत तर ते अधिक मंद गतीने रिते होते. म्हणजे बुडी लांबणार असेल तर खर्चाचा हात आधीपासूनच आखडलेला असतो.

यातून आजचे मत तयार झाले आहे, आणि ते शोलांडरच्या मताहून सूक्ष्म आहे. रक्ताची वाट पूर्ण बंद नाही आणि पूर्ण खुलीही नाही. ती आवळलेली असते. १९९९ साली रँडल डेव्हिस आणि शेन कॅनाटस यांनी याचे गणित मांडले. स्नायूंना रक्त फार दिले तर मायोग्लोबिन भरलेले राहते आणि रक्त लवकर रिते होते. फार कमी दिले तर स्नायू लवकर रिते होऊन आम्ल साठते आणि रक्तातील प्राणवायू मागे उरतो. या दोहोंच्या मध्ये एक असा प्रवाह आहे की, ज्यात रक्त आणि स्नायू ही दोन्ही कोठारे साधारण एकाच वेळी तळाशी येतात. बिनकर्जाची सर्वांत लांब बुडी तीच. गावच्या पाटकऱ्याचे काम पाहिलेल्यास हे चटकन समजेल. पाट पुरा सोडला तर वरचे शेत बुडते आणि खालचे कोरडे राहते. बांध किती फोडावयाचा यावर दोन्ही शेतांचे पीक अवलंबून असते.

खर्च कमी करण्याच्या वाटा

ज्याची मिळकत ठरलेली, त्याने खर्चावर नजर ठेवावी, हा संसारातील नियम येथेही लागू आहे. टेरी विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनी सील, डॉल्फिन आणि निळा देवमासा यांच्या अंगावर छायाचित्रणयंत्रे बसवून जे पाहिले ते २००० साली प्रसिद्ध झाले. काही अंतर खाली गेल्यावर हे प्राणी पोहणेच थांबवितात. दाबाने फुप्फुसे मिटली की देहाचे आकारमान कमी होते, पाण्याचा वरचा रेटा घटतो आणि प्राणी दगडासारखा अलगद खाली सरकत जातो. शेपूट किंवा पर हलवावे लागत नाहीत, म्हणून स्नायूंना प्राणवायू लागत नाही. जी मिटलेली फुप्फुसे नायट्रोजनापासून रक्षण करतात, तीच उतरणीचे भाडेही वाचवितात.

हे कोठार जन्मतः भरलेले मिळत नाही. सीलच्या पिलाच्या स्नायूंत मायोग्लोबिन कमी असते. ते वाढीच्या काळात साठत जाते आणि तोवर पिलाच्या बुड्या आखूड असतात. मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन दोहोंसही लोह लागते, आणि पिलाचे लोह येते आईच्या दुधातून. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, वेडेल सीलची मादी पिलाला पाजताना आपल्या देहातील लोह एवढे देते की तिची स्वतःची प्राणवायूची कोठारे आटतात आणि पिलू सुटे झाल्यावर तिच्या बुड्या आखूड होतात. पिलाला पाण्याखाली मिळणारी मिनिटे आईच्या मिनिटांतून वजा झालेली असतात. ऐन भुकेच्या वेळी, रोडावलेल्या देहाने, तिला तो तोटा सोसून शिकार करावी लागते.

हिशेब कोण ठेवतो?

एवढा चोख व्यवहार चालवावयाचा तर शिल्लक किती आहे हे कोणाला तरी कळले पाहिजे. ही नुसती आपोआप होणारी क्रिया असावी, असे पूर्वी वाटे. २०१९ साली हार्बर जातीच्या सीलवर प्रकाशयंत्राने केलेल्या पाहणीत दिसले की, आपखुशीने बुडी मारणाऱ्या सीलच्या अंगाकडील रक्तवाहिन्या पाण्याखाली जाण्यापूर्वीच, सुमारे पंधरा सेकंद आधी, आवळू लागतात. नाकाला पाणी लागण्याच्या आधीच देहाची आवराआवर सुरू झालेली असते.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ग्रे सीलवर केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. श्वासाच्या जागेपासून काही अंतरावर पाण्याखाली खाऊ ठेवलेला होता. बुडीपूर्वी सीलला निरनिराळी हवा दिली जाई. प्राणवायू वाढविला तर बुड्या लांबल्या. कमी केला तर आखूड झाल्या. कार्बन डायऑक्साइड पुष्कळपट वाढविला तरी बुड्यांच्या लांबीत फरक पडला नाही. म्हणजे सीलला आपल्या रक्तातील प्राणवायूची प्रत्यक्ष जाणीव असते आणि तिला अनुसरून तो माघारी वळतो.

माणसाची गोष्ट याच ठिकाणी वेगळी होते, आणि हे लक्षात ठेवण्यासाठी जीवशास्त्राची आवड असण्याची गरज नाही. श्वास कोंडल्यावर आपला जीव घाबरा होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. प्राणवायू संपत आल्याची वर्दी आपल्याला फार उशिरा, पुष्कळदा मिळतच नाही. उन्हाळ्याच्या सुटीत विहिरींवर आणि तलावांवर मुलांच्या पैजा लागतात, कोण अधिक वेळ तळाशी राहतो म्हणून. अशा वेळी एखादा जाणता मुलगा उडी घेण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची युक्ती सांगतो. ही युक्ती घातकी आहे. आपल्या रोहिण्यांतील रक्त एरवीही प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. भराभर श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. म्हणजे जमा वाढली नाही, फक्त धोक्याची घंटा काढून ठेवली. मुलाला तळाशी अगदी बरे वाटत असते. मग त्रास न होता, धडपड न करता, तो बेशुद्ध होतो, आणि बेशुद्ध माणूस पाण्यातच श्वास घेतो. वर येताना हा धोका अधिकच वाढतो, कारण पाण्याचा दाब उतरतो तसा छातीतील प्राणवायूचा दाबही एकाएकी घसरतो. चांगले पोहणारेच यात बळी पडतात; कारण न पोहणारा तेथवर जातच नाही.

म्हणून ज्यांच्या घरी पोहणारी मुले आहेत त्यांना आमचे सांगणे आहे की, बुडीपूर्वी भराभर श्वास घेऊ देऊ नये, श्वास कोंडण्याच्या पैजा लावू देऊ नयेत आणि काठावर पाहणारा, वेळेस उडी घेऊन वर काढू शकेल असा माणूस असल्याखेरीज कोणासही बुडी मारू देऊ नये. सीलजवळ दहा लिटरांची घागर आहे, ती उघडण्याची किल्ली आहे आणि तळ दिसू लागताच सांगणारा कारकूनही आहे. आपल्याजवळ एक पेला आहे, आणि तो केव्हा रिता झाला हे आपल्याला कळत नाही.